गणपतीच्या घरात बाउझर: पार्टी गेममधल्या माझ्या आवडत्या बॉस लढती

प्रश्न थोडक्यात असा आहे: ठाण्याचं कुटुंब सात दिवसांच्या गणपतीला गुहागरच्या घरी जाणार. घरात पंधरा माणसं, त्यात सहा ते सोळा वयाची सात पोरं. यंदा निन्टेंडोचा स्विच हा गेम कन्सोल घेतलाय. पार्टी गेममधल्या, म्हणजे घोळक्याने खेळायच्या गेममधल्या, बॉसच्या (शेवटी समोर येणाऱ्या बलाढ्य शत्रूच्या) कोणत्या लढती चांगल्या, तुमच्या आवडत्या कोणत्या, आणि मागच्या वर्षी एक पोर हरल्यावर रडून जेवलंच नाही, त्याचं काय करायचं?

त्या न जेवलेल्या पोरापासूनच सुरुवात करते. माझ्याकडे बॉस चांगला की वाईट हे त्याच्यावरूनच ठरतं.

मी गुहागर तालुक्यात घरगुती निवास चालवते. चार खोल्या, मागे पोफळीची बाग, पुढे समुद्र. मे महिन्यात पाहुण्यांना समुद्र आणि आंबा सांभाळतात, मला फारसं काही करावं लागत नाही. पावसाळ्यात मात्र पाण्यात उतरायची सोय नसते, पाऊस चार-चार दिवस हटत नाही आणि पुण्या-मुंबईची पोरं पडवीत बसून एकमेकांना चिमटे काढतात. त्यांच्यासाठी माजघराच्या एका कोपऱ्यात टीव्ही आणि खेळ मांडले, त्याला आता बारा पावसाळे झाले. त्याच्याही आधी चिपळूणला भावाचं व्हिडिओ गेम पार्लर होतं. तिथे संध्याकाळी गल्ल्यावर मी बसायचे. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी शहरात शिरलं, त्यात ते पार्लर गेलं. पोटमाळ्यावर ठेवलेलं सामान तेवढं वाचलं, ते माझ्याकडे आलं.

पार्लरमधला बॉस आणि घरातला बॉस यांत फरक आहे, हे मला तिथून इथे आल्यावर कळलं. पार्लरमध्ये तासाचे पैसे मोजलेला एक पोरगा बॉसशी झुंजायचा आणि दहा जण खुर्चीमागे उभे राहून अक्कल शिकवायचे. तिथे ते शोभतं. घरात तेच केलं की सोळा वर्षांचा दादा खेळतो, बाकीची पोरं अर्ध्या तासात कंटाळतात, आणि सगळ्यात धाकट्याच्या हातात रिमोट येतो तेव्हा बॉस त्याला पहिल्याच फटक्यात आडवा करतो. मग जेवण राहतं.

खरं तर आमच्याकडे बॉस म्हणजे काय हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. शिमग्यात खेळे दारात आले की संकासूर येतो. काळा वेश, टोकदार काळी टोपी, कमरेला घुंगरं. लहान पोर आईच्या पदरामागे दडतं, पण एक डोळा बाहेर ठेवून बघत राहतं. दोन वर्षांनी तेच पोर त्याच्या मागे धावतं, खोड्या काढतं, आणि तो गर्रकन वळला की किंचाळत पळतं. आत कोण आहे ते गावाला ठाऊक असतं, पोरांना कळू द्यायचं नाही एवढंच. मी पार्टी गेममधला बॉस या मापाने मोजते. आल्या आल्या पोरं किंचाळली पाहिजेत. सगळ्यात कच्च्या खेळाडूलाही त्याच्यापुढे काहीतरी काम असलं पाहिजे, आणि ते दाखवण्यापुरतं काम नको, त्याच्यावाचून बाकीच्यांचं अडलं पाहिजे. आणि तो गेल्यावर कोणीतरी म्हटलं पाहिजे, परत बोलवा.

या मापाने माझा पहिला नंबर मारिओ पार्टी 10 मधल्या बाउझरचा, म्हणजे मारिओच्या त्या कासवासारख्या राक्षसी शत्रूचा. तुमच्या स्विचवर हा मिळणार नाही, हे आधीच सांगते. गेम 2015 चा, वी यू या कन्सोलवरचा, आणि वी यूचं उत्पादन 2017 सालीच थांबलं. तरी सांगते, कारण घरातल्या बॉसचं इतकं नेमकं रूप मला दुसरीकडे दिसलेलं नाही, आणि त्याची नक्कल तुम्हाला स्विचवर करता येईल.

त्यात बाउझर पार्टी नावाचा प्रकार आहे. चार जण एका गाडीत बसून पटावरून पुढे पळतात आणि पाचवा माणूस स्वतःच बाउझर होतो. चौघांच्या हातात साधे वी रिमोट, नजर टीव्हीवर. बाउझरच्या हातात वी यूचा तो पाटीएवढा गेमपॅड, ज्याला स्वतःचा 6.2 इंची पडदा आहे. चौघं आपापल्या पाळीला फासे टाकून गाडी पुढे नेतात, मग बाउझर एकदम चार फासे टाकून मागून येतो. गाठलं की लढत. चौघांकडे ठरावीक हृदयं असतात, बाउझरचा डाव लागला की ती जातात. सगळ्यांची संपली तर बाउझर जिंकला, आणि एकाचंही हृदय शिल्लक असताना गाडी पटाच्या शेवटच्या सुपरस्टारपाशी पोचली तर चौघं जिंकले. नियम एवढेच.

यातली गंमत कागदावर कळत नाही. एका श्रावणात कोल्हापूरहून एक कुटुंब आलं होतं. आजोबा एसटीचे निवृत्त चालक, बोलणं मोजकं, दोन दिवस झोपाळ्यावर बसून पाऊस बघत होते. तिसऱ्या दिवशी पाचवा माणूस हवा म्हणून नातीने गेमपॅड त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, नियम एकदाच विचारले आणि म्हणाले, "म्हणजे पाठलाग मी करायचा?" पुढचा पाऊण तास त्या माजघरात जे झालं ते सांगायला शब्द नाहीत. आजोबा फासे टाकायच्या आधी घाटात वळणावर द्यावा तसा तोंडाने हॉर्न द्यायचे. गाडीतले चौघे एकमेकांच्या अंगावर पडायचे. आणि खेळाच्या शेवटाकडे, सहा वर्षांच्या धाकट्या नातीकडे एकच हृदय उरलं असताना, आजोबांचा नेम एकदम बिघडला. हातात गेमपॅड असल्यामुळे त्यांचा पडदा फक्त त्यांना आणि शेजारी बसलेल्या मला दिसत होता. नेम बिघडला नव्हता.

संगणकाने चालवलेला बॉस कठीण, मध्यम, सोपा असा ठेवता येतो, पण समोरच्या पोराच्या ओठांचा कोपरा थरथरायला लागलाय हे त्याला दिसत नाही. मुखवट्यामागे माणूस असला की दिसतं. म्हणून माझ्याकडे नियम आहे: बाउझर व्हायचा मान खोलीतल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात तो गेमपॅड दिला की तो खरोखरचा बाउझर होतो आणि चुलत भावंडांचं वर्षभराचं उट्टं काढतो. असं दोनदा झालं, तेव्हापासून बंद.

आता नक्कल कशी करायची ते. मारिओ पार्टी सुपरस्टार्स (2021) किंवा मारिओ पार्टी जंबोरी (2024) यांतला एक गेम तुमच्याकडे असेलच. पटाचा डाव मांडू नका. थेट मिनीगेमच्या, म्हणजे छोट्या छोट्या खेळांच्या, विभागात जा आणि एकास तीन हा प्रकार निवडा. एकटा तो बॉस, आजोबा किंवा आत्या. सुपरस्टार्समध्ये रस्सीखेच आहे, त्यात एकट्या खेळाडूच्या अंगावर चक्क बाउझरचा वेश चढतो. हा खेळ 1998 च्या पहिल्या मारिओ पार्टीपासूनचा आणि त्याची कथाच आहे. रस्सी ओढायला कंट्रोलरची दांडी गरगर फिरवायची असते. त्या काळी पोरं ती तळहाताने घासून फिरवायची, हातांना फोड यायचे. अमेरिकेत तक्रारी गेल्या आणि 2000 साली न्यूयॉर्कच्या अ‍ॅटर्नी जनरलशी झालेल्या समझोत्यात निन्टेंडोला हातमोजे द्यायचं कबूल करावं लागलं. सुपरस्टार्समध्ये तोच खेळ परत आणला तेव्हा तळहाताने फिरवू नका अशी सूचनाही सोबत आली. ती सूचना मोठ्याने वाचून दाखवा. पोरं ऐकणार नाहीत, पण आजीचा अंगठा वाचेल.

दुसरा बॉस तुमच्या स्विचवर आजच्या आज चालेल, आणि गणपतीच्या घराला तर तो सर्वांत लागू: ओव्हरकुक्डमधला भुकेला राक्षस.

ओव्हरकुक्ड 2016 चा. घोस्ट टाउन गेम्स नावाच्या इंग्लंडमधल्या दोन माणसांच्या कंपनीने तो केला. एक ते चार जणांनी मिळून एक स्वयंपाकघर चालवायचं. भाजी चिरा, भांड्यात टाका, ताटलीत काढा, खिडकीतून द्या, ताटल्या घासा. बॉस म्हणजे शेवयांचा आणि मांसाच्या गोळ्यांचा डोंगराएवढा राक्षस. गेम सुरू होतो तोच जगबुडीच्या दिवशी, एका गच्चीवरच्या स्वयंपाकघरात. राक्षस समोर उभा आणि तुम्ही कोशिंबिरीवर कोशिंबीर करून त्याच्या तोंडात घालताय. त्याची भूक भागत नाही. भागणारच नसते. मग कांद्याचा राजा, म्हणजे मुकुट घातलेला कांदाच, तुम्हाला 1993 सालात मागे पाठवतो: जा, नीट स्वयंपाक शिकून या. सगळा गेम ते शिक्षण आहे, आणि शेवटी पुन्हा तीच गच्ची, तोच राक्षस. आता तो तोवर शिकलेले पदार्थ एकामागून एक मागतो.

मला यातल्या दोन गोष्टी फार आवडतात. एक, बॉसला मारायचं नाहीये, जेवू घालायचंय. आमच्याकडे गौरीच्या दिवशी पंगतीच्या वेळी जे चाललेलं असतं तेच हे. बाहेर भुकेला जनसमुदाय, आत चार माणसं घामाघूम. दुसरी गोष्ट तुमच्या न जेवलेल्या पोरासाठी. पहिल्याच सामन्यात सगळे हरतात. दादा हरतो, बाबा हरतात, मीही हरते. गेमने ते ठरवूनच ठेवलंय. पहिली हार सगळ्यांची मिळून झाली की पुढच्या हारीचं विष निघून जातं. हे मी पोरांच्या तोंडाकडे बघून सांगते, माझ्याकडे दुसरा पुरावा नाही.

आणि कच्च्या खेळाडूचं काम? ताटल्या. ओव्हरकुक्डच्या बऱ्याच लेव्हलमध्ये वापरलेल्या ताटल्या परत येतात आणि त्या कोणीतरी घासाव्या लागतात. मोरीपाशी उभं राहायचं, एकच बटण दाबायचं. सहा वर्षांच्या पोराला ते पहिल्या दोन मिनिटांत जमतं. पण ते काम थांबलं की शिजलेलं अन्न भांड्यातच राहतं, भांडं चुलीवर राहतं, आणि चुलीवर राहिलेलं भांडं पेट घेतं. मग "ताटली! अरे ताटली!" असा जो आरडाओरडा होतो, त्यात त्या पोराला कळतं की घर आपल्यावर चाललंय. आठ-नऊ वर्षांच्याला आग विझवायचं नळकांडं द्या. त्याहून आनंदी प्राणी मी पाहिलेला नाही, फक्त आग नसतानाही तो फवारे मारत सुटतो.

मोठ्यांना एक सांगते. तुमच्या घरात उकडीचे मोदक होत असतील तर खेळायच्या आधी एकदा स्वयंपाकघरात उभे राहून बघा. एक जण उकड मळतेय, एक पारी करतेय, एक सारण भरून कळ्या पाडतेय, एक मोदकपात्रापाशी. कोणी कोणाला विचारत नाही, आणि हात कोणाचेच रिकामे नाहीत. हे ज्या घरात वर्षानुवर्षं झालंय त्या घरातल्या बायका ओव्हरकुक्डला बसल्या की पोरांना घाम फोडतात. माझ्या नणंदेने जन्मात कंट्रोलर धरला नव्हता. तिने खेळलंही नाही. ती मागे बसून फक्त सांगत राहिली: "तू चिरायचंच बघ. तू उचलून दे. गो, तू मध्ये मध्ये फिरू नको." अडकलेली लेव्हल दोन खेपांत सुटली.

या राक्षसाशी शेवटची गाठ मात्र कठीण आहे, ते लपवत नाही. सात दिवसांत तिथवर पोचायचं तर ऑल यू कॅन ईट ही ओव्हरकुक्डच्या दोन्ही भागांची एकत्र आवृत्ती घ्या. तिच्यात असिस्ट मोड आहे: वेळ वाढवून मिळतो, ऑर्डरी लवकर रद्द होत नाहीत, अडलेली लेव्हल ओलांडता येते. लाज वाटून घेऊ नका. कंट्रोलर कमी असतील तर एक कंट्रोलर दोघांत वाटून घेता येतो, डावी बाजू एकाची आणि उजवी दुसऱ्याची. माझ्याकडे एकदा आजी आणि नातू एकाच कंट्रोलरला दोन्हीकडून धरून बसले होते, पाटावर, गुडघ्याला गुडघा लावून. त्यांची भांडणं ऐकायला शेजारी आले.

आणि वीज. भाद्रपदात ती जाणार हे धरूनच चाला. एका कुटुंबाची गच्चीवरची शेवटची लढत रंगात आली होती, राक्षस जवळजवळ धालाच होता, आणि गेली. माझा इन्व्हर्टर दोन दिवे आणि एक पंखा ओढतो, टीव्ही नाही. त्यांच्यातल्या मुलीने डोकं चालवलं. स्विच टीव्हीला जोडायच्या डॉकमधून काढला, मागची टेकण उघडून तो देवघरातल्या पाटावर उभा केला आणि चारही जण पालथे पडून त्या एवढ्याशा पडद्यात डोकं घालून खेळले. बाहेर धो धो पाऊस. राक्षसाचं पोट भरलं तेव्हा कोणीतरी आनंदाने उडी मारली आणि पाट उलटला. स्विचला काही झालं नाही. पाटाची एक पट्टी निघालीय, ती मी अजून बसवलेली नाही.

तिसरा आवडता जुना आहे. मारिओ पार्टी 9, 2012 चा, वी यूच्या आधीच्या निन्टेंडो वी या कन्सोलवरचा. मारिओ पार्टीचे पट्टीचे खेळाडू या भागाला नाकं मुरडतात, कारण यात चौघं वेगवेगळे फिरत नाहीत, सगळे एकाच गाडीत बसून पटावर पुढे जातात. मला मात्र तेच आवडतं. गाडी एक म्हणजे मागे कोणी राहत नाही, आणि बॉस आला की तो चौघांपुढे एकदमच येतो. एक डोंकी काँगचा पट सोडला तर प्रत्येक पटावर दोन बॉस: एक वाटेत, एक शेवटी. बॉसचा जीव निम्म्यावर आला की तो खवळतो आणि डाव बदलतो. आणि खरी मेख अशी की बॉसला चौघांनी मिळून हाणायचं असलं तरी गुण ज्याचे त्याचे. वरून एकी, आतून चढाओढ. आमच्या वाडीतल्या सत्यनारायणाच्या वर्गणीसारखं.

त्यातल्या पहिल्या पटाच्या शेवटी विगलर आहे, डोक्यावर फूल असलेला लांबलचक सुरवंट. त्याच्या अंगावर उड्या मारायच्या. खवळला की लालबुंद होतो. पहिला बॉस असाच हवा: भीती वाटावी, पण हसू आधी यावं. बॉम्बच्या कारखान्यात किंग बॉब-ऑम्ब आहे, मिशाळ आणि मुकुटवाला. तो पोरांना आवडतो, मला बेतास बात. समुद्राच्या पटावर शेवटी ब्लूपर आहे, म्हणजे माकूल. तो पडद्यावर आला की पुण्याची पोरं किंचाळतात आणि आमच्या वाडीतली पोरं म्हणतात, याचं सुकं छान होईल.

या माकुळापायी मला वीचं यंत्र समजलं. त्याच्याशी नेम धरून लढायचं असतं, रिमोट पडद्याकडे रोखून. एका गणपतीत नेम धरताच येईना. बाण इकडून तिकडे उड्या मारायचा. पोरं म्हणाली रिमोट बिघडला, सेल बदलले, पट्टी पुसली, काही उपयोग नाही. मग लक्षात आलं की टीव्हीच्या शेजारीच मखर होतं आणि समई तेवत होती. वीच्या टीव्हीपाशी ठेवायच्या पट्टीला सेन्सर बार म्हणतात, पण तिच्यात सेन्सर नसतोच. तिच्या दोन टोकांना न दिसणाऱ्या, इन्फ्रारेड प्रकाशाचे दिवे असतात, आणि ते बघणारा कॅमेरा रिमोटच्या तोंडात असतो. ज्योतीतूनही तसाच प्रकाश निघतो. रिमोटला समईची वात तिसरा दिवा वाटत होती. समई हलवायची नाही, म्हणून टीव्ही हलवला आणि माकूल मेलं.

याची उलट बाजू पुढच्या वर्षी उपयोगी पडली. उंदराने पट्टीची वायर कुरतडली. भाच्याने टीव्हीखालच्या फळीवर हातभर अंतराने दोन निरांजनं ठेवली आणि रिमोट चालू झाला. ही चेष्टा नाही, करून बघा. मात्र कोणीतरी मोठं माणूस शेजारी बसवा, आणि टीव्हीवरचा क्रोशाचा रुमाल काढा.

कोणी जुना वी द्यायला निघालाच तर एक बघून घ्या. आमच्याकडे अशी यंत्रं बहुतेक आखातात कामाला असलेल्या कोणाच्या तरी बॅगेतून येतात. वी आणि वी यू दोन्हींना प्रदेशाचं कुलूप आहे. एका प्रदेशाच्या वीवर दुसऱ्या प्रदेशाची डिस्क चालत नाही. माझ्या पेटीत अशा दोन डिस्क पडून आहेत. स्विचला ही भानगड नाही.

बाकीचे भराभर सांगते. वारिओवेअर मालिकेत पाच-पाच सेकंदांचे खेळ एकामागून एक अंगावर येतात आणि शेवटी बॉस. तो बाकीच्यांपेक्षा लांब असतो, आणि जिंकलात की गेलेला एक जीव परत मिळतो. स्विचवर 2021 आणि 2023 चे भाग आहेत. जेवणाची पानं मांडेपर्यंतच्या दहा मिनिटांसाठी उत्तम, पण आठवणीत राहणारा बॉस त्यात मला भेटलेला नाही. मारिओ पार्टी डीएस, 2007 चा, त्यातले बॉस देखणे आहेत. मारिओ आणि मंडळींना बाउझरने चिमुकलं करून टाकलेलं असतं, त्यामुळे बागेतली मांसाहारी वेलसुद्धा माडाएवढी दिसते. पण ते कथेतले बॉस, एकट्याने हातातल्या पडद्यावर खेळायचे. आजारी पोरासाठी ठेवा. जंबोरीमध्ये नकली बाउझरविरुद्ध 8 जणांची मोहीम आहे: बॉम्ब गोळा करायचे, तोफेत भरायचे, त्याच्यावर डागायचे. कल्पना झकास, पण ती ऑनलाइनची, आणि आमच्याकडे भाद्रपदात रेंज माडाच्या शेंड्यावर असते. ठाण्यात परत गेल्यावर खेळा. 2018 चा सुपर मारिओ पार्टी कोणी दिला तर त्यात बॉस शोधू नका. चौघांनी एका होडीतून नदी पार करायचा प्रकार मात्र खेळा, तिथे बॉस म्हणजे घड्याळ. त्या गेमला माणशी एक सुटा जॉय-कॉनच, म्हणजे स्विचच्या बाजूला लागणारा छोटा कंट्रोलरच, लागतो, मोठा प्रो कंट्रोलर चालत नाही, हे विकत घ्यायच्या आधीच बघून ठेवा.

आता रडण्याचं. मी तीन गोष्टी करते. आरतीला अर्धा तास उरला असेल तर बॉसला हात घालू देत नाही. अर्धवट सोडलेल्या लढतीइतकं पोरांना दुसरं काही झोंबत नाही, आणि आरतीत त्यांचं तोंड एवढंएवढं होऊन बसतं. मारिओ पार्टी 9 सारखे गुण ज्याचे त्याचे असले तर कच्च्या आणि पक्क्या खेळाडूची जोडी लावून एकच रिमोट देते, वाटेतला बॉस एकाचा, शेवटचा दुसऱ्याचा. पक्क्याला धाकट्याला शिकवावंच लागतं, नाहीतर शेवटी स्वतःच आपटतो. आणि बॉस मेल्यावर गुण वाचायचं काम ज्याला सगळ्यात कमी मिळालेत त्याच्याकडे. तो स्वतःचे गुण घाईघाईने वाचतो आणि बाकीच्यांचे चवीने, नक्कल करत. रडायला वेळच उरत नाही. हे तिसरं सगळ्याच पोरांना चालत नाही. लाजऱ्या पोराला नका सांगू.

सात दिवसांचा बेत विचाराल तर पहिल्या दिवशी काहीच नको, प्रवासाने सगळी आंबलेली असतात. दुसऱ्या दिवसापासून ओव्हरकुक्ड, रोज दुपारी तासभर, आणि तुमच्या त्या पोराला पहिल्याच बैठकीत मोरीपाशी उभं करा. रात्री भजन संपल्यावर, मोठी माणसं चहाला बसली की एकास तीन. बाउझर कोणाला करायचं ते आरतीच्या वेळी ठरवा. पंधरा माणसांत एक जण असतोच, जो 'येई हो विठ्ठले'ला शेवटचा सूर इतका ताणतो की बाकीचे श्वास घेऊन परत येतात. कंट्रोलर त्याच्या हातात द्या, फक्त मोदकाचं तूप आधी पुसून.